लघवी निसटणे : शस्त्रक्रियेआधी काय काय करता येते

लघवीवर ताबा राहत नसल्याची तक्रार मराठवाड्यातल्या स्त्रिया बहुधा दोनच वाक्यांत सांगतात. एक, "शिंकलं, खोकललं की लुगडं ओलं होतं." दुसरे, "लागली की दम धरवत नाही, मोरीपर्यंत जाईस्तोवर होऊन जाते." तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ही वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आता तपासणीच्या कागदावर काहीही लिहिण्याआधी मी बाईचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेते. ही एकाच दुखण्याची दोन वर्णने नव्हेत. हे दोन वेगळे बिघाड आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपचारही वेगळे आहेत. काही जणींना दोन्ही असतात, आणि त्यांना मग आधी विचारावे लागते की अधिक जाच कशाचा होतो.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते आणि दीडशे-दोनशे मिलीलिटर जमली की पहिली चाहूल लागते. पिशवी भरत असताना तिची भिंत सैल आणि तोंड बंद असावे लागते; रिकामी करताना नेमके उलटे, म्हणजे भिंत आकसावी आणि तोंड उघडावे. पहिल्या वाक्यातल्या बाईची भिंत ठीक असते, पण तोंड पुरेसे घट्ट राहत नाही, म्हणून पोटात एकदम दाब वाढला की थेंब निसटतात. दुसऱ्या वाक्यातल्या बाईचे तोंड बहुतेक वेळा ठीक असते, पण भिंत पिशवी भरण्याची वाट न पाहता अवेळी आकसते. पहिलीला स्नायूंची ताकद वाढवावी लागते, तर दुसरीला मूत्राशयाची सवय बदलावी लागते. शस्त्रक्रियेविना होणारे बहुतेक उपचार या दोन कामांभोवतीच फिरतात.

हे तोंड घट्ट ठेवण्यात ज्या स्नायूंचा मोठा वाटा असतो, त्यांना श्रोणितळाचे स्नायू म्हणतात. शब्द अवघड आहे, म्हणून मी बाजेचे उदाहरण देते. पुढचे हाड ते माकडहाड आणि एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत बाज विणावी तसे हे स्नायू ताणलेले असतात, आणि त्यांच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय टेकलेले असतात. वर्षानुवर्षे वापरलेली बाज मध्यभागी झोळ धरते. नैसर्गिक बाळंतपणात हे स्नायू अतोनात ताणले जातात, आणि त्यानंतर विश्रांती न मिळता डोक्यावर हंडा, सरपणाचा भारा किंवा उसाची मोळी आली की झोळ वाढतो. जुनाट खोकला, रोज कुंथावे लागणारी बद्धकोष्ठता आणि वाढलेले वजन हे त्यावरचे कायमचे ओझे. झोळ पडलेली बाज आपण फेकून देत नाही, पायथ्याकडची दोरी ओढून ती ताणून घेतो. व्यायामाने नेमके हेच साधायचे असते.

मात्र व्यायामाकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासून घेणे आवश्यक आहे. लघवीची साधी तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे, कारण जळजळ आणि घाई संसर्गाने असेल तर तो बरा झाल्यावर तक्रारही जाते. रक्तातील साखर पाहावी, कारण आटोक्यात नसलेल्या मधुमेहात लघवीच इतकी तयार होते की कोणतेही मूत्राशय पुरे पडणार नाही. त्यानंतर चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे पाहावीत. रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्र जागून निघते. डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेता येते. एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही जणींना कोरडा खोकला लागतो. बाई खोकल्यावर काढे घेत राहते आणि लघवी निसटण्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जाते, पण दोन्हींचे मूळ एकाच पाकिटात असते. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगितले तर पर्यायी गोळी मिळू शकते.

याच टप्प्यावर तीन दिवसांची नोंद करायला सांगतात. किती वाजता पाणी किंवा चहा घेतला, किती वाजता लघवीला गेलात, केव्हा आणि काय करताना निसटली, एवढेच लिहायचे असते. जमल्यास जुन्या मापट्यात लघवी मोजायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला एका मावशींनीच सोडवून दिला. त्यांनी मोरीबाहेरच्या कोनाड्यात स्टीलची वाटी ठेवली, कोरड्या फेरीला ज्वारीचा दाणा आणि ओल्या फेरीला तुरीचा दाणा टाकला, आणि रात्रीच्या फेऱ्यांचे दाणे चिंधीत वेगळे बांधून आणले. तीन पुरचुंड्या टेबलावर सोडल्या तेव्हा चित्र स्पष्ट होते : दिवसाचे तुरीचे दाणे मोजून दोन, रात्रीचे जवळपास सगळे तुरीचे. त्यांच्या त्रासाचे मूळ रात्री साडेआठच्या दोन कप चहात आणि झोपताना घेतलेल्या लघवीच्या गोळीत निघाले. आता मी इतरांनाही दाण्यांची नोंद सांगते.

पाण्याबद्दल मराठवाड्यात वेगळे सांगावे लागते. लघवी निसटते म्हणून पाणीच प्यायचे नाही, हा उपाय बहुतेक बायकांनी आधीच सुरू केलेला असतो. कापूस वेचायला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी घेत नाही, आणि उसाच्या फडात थांबून लघवीला जाणे म्हणजे मुकादमाचे बोलणे खाणे. एसटीच्या प्रवासाला निघताना तर तांब्याला हात लावत नाहीत. पाणी कमी पडले की लघवी घट्ट आणि तीव्र होते, मूत्राशयाच्या आतल्या आवरणाला ती टोचते, घाई वाढते, संसर्गाला वाव मिळतो आणि बद्धकोष्ठता होऊन बाजेवरचे ओझे वाढते. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायलाच हवे, आणि पारा ४२ अंशांवर गेलेल्या दिवसांत उन्हात राबणाऱ्या बाईला याहून बरेच जास्त लागते. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसे समजावे. पाणी थोडे थोडे करून दिवसभर घ्यावे आणि निजण्याआधीचे दोन तास हात आखडता घ्यावा. कमी करायचा तो चहा. त्यातील कॅफिनने लघवीही वाढते आणि घाईही. सहा कपांवरून दोनवर आल्यावर फरक पडल्याचे सांगणाऱ्या बायका मला भेटतात, जरी पहिला आठवडा डोके दुखल्याची तक्रार त्या माझ्याच नावाने करतात.

आता व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लेख लिहिला आणि त्यांच्या नावानेच हा व्यायाम जगभर ओळखला जातो. योगातील मूलबंध ज्यांनी शिकला आहे त्यांना ही क्रिया अनोळखी वाटणार नाही. निसटण्याच्या पहिल्या प्रकारात हाच पहिला उपचार मानला जातो, आणि त्यामागे भक्कम पुरावा आहे. २०१८ साली कॉक्रेन या, जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्क्यांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले, तर उपचार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. बरे होण्याचा हा आकडा मोजक्याच आणि लहान प्रयोगांतला आहे, त्यामुळे प्रत्येकीला तो तसाच लागू होईल असे नाही; पण एवढा फरक देणारे आणि दुष्परिणाम जवळजवळ नसलेले उपचार वैद्यकात फार नाहीत.

अडचण अशी की हा व्यायाम डोळ्यांना दिसत नाही. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना फक्त तोंडी सूचना देऊन पाहिले, तेव्हा जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला, आणि चौथाई स्त्रिया उलटेच करत होत्या, म्हणजे स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. चुकीच्या पद्धतीने निसटणे वाढूही शकते. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या कामाची माहिती असलेली फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून एकदा तपासून घेणे हाच सरळ मार्ग आहे. तपासणारी व्यक्ती हातमोजा घालून योनीमार्गात बोट ठेवते आणि आवळायला सांगते. बोट आवळले जाऊन आत-वर ओढल्यासारखे वाटले तर स्नायू बरोबर सापडला.

घरी ओळखायचे तर असे करावे. गुडघे वाकवून उताणे निजावे. चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण जे आवरून धरतो, तसे गुदद्वार आवळावे, आणि तोच आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्यावा. आत काहीतरी वर उचलले गेल्यासारखे वाटले पाहिजे. एक हात पोटावर ठेवावा. पोट फुगता कामा नये, मांड्या आणि कुल्ले आवळता कामा नयेत, आणि श्वास रोखायचा नाही. श्वास रोखला जातो की नाही हे कळावे म्हणून मी बायकांना मोठ्याने आकडे म्हणायला लावते, कारण बोलताना श्वास कोंडता येत नाही. लघवी करता करता मध्येच थांबवून पाहणे ही स्नायू ओळखण्याची युक्ती एखाददुसऱ्या वेळेपुरती ठीक आहे; तोच रोजचा व्यायाम केला तर मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागते.

स्नायू सापडला की आवळून पाच आकडे धरावे आणि तितकाच वेळ, जमल्यास अधिक, पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे, तो घाईत उरकू नये. अशी निदान आठ आवर्तने एका वेळी, आणि अशा तीन वेळा दिवसात. सुरुवातीला पाचऐवजी दोनच आकडे धरता आले तरी चालेल, हळूहळू दहापर्यंत जावे. नंतर काही झटपट आवळ-सोड करावी, कारण शिंकेच्या वेळी या स्नायूला क्षणात काम करावे लागते. आधी निजून, मग बसून, मग उभ्याने. हे निदान तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायकांशी मी वाद घालत नाही, फक्त तूर पेरल्यावर पंधरा दिवसांनी शेंगा बघायला गेला होता का, असे विचारते. लक्षात राहण्यासाठी व्यायाम एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावा : सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी भाकरी झाल्यावर, रात्री निजताना.

याच्या जोडीला एक लहानशी युक्ती आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून वापरता येते. खोकला किंवा शिंक येतेय असे वाटले की ती येण्याआधी स्नायू आवळायचा आणि शिंक होईपर्यंत धरून ठेवायचा. हंडा उचलताना, घमेले डोक्यावर चढवताना, ट्रॅक्टरमध्ये चढतानाही तेच : आधी आवळायचे, मग उचलायचे. हंड्याऐवजी दोन कळशा दोन फेऱ्यांत आणता आल्या तर अधिक चांगले, पण पाणी डोक्यावर आणणारी एकटीच असेल त्या घरी हा सल्ला देताना माझा आवाज खाली जातो. घरातल्या बाप्यांना हंडा उचलता येतो, हे त्यांच्यासमोर सांगावे लागते आणि मी ते सांगते.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे घाई आवरत नाही तेव्हा, मूत्राशयाला वळण लावावे लागते. सतत घाई होणाऱ्या बायका 'आधीच जाऊन आलेले बरे' म्हणून तासातासाला जातात, आणि मूत्राशय शंभर मिलीलिटरलाच भरल्याची हाकाटी करायला शिकते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावांत नळाची धार सुरू झाल्याचा आवाजच काही जणींना घाई आणतो, तर काहींना घराचे कुलूप उघडताना नेमकी घाई होते. अशा वेळी धावत सुटायचे नाही. जागच्या जागी थांबावे, शक्य असल्यास टणक जागी बसावे, पाच-सहा वेळा झटपट आवळ-सोड करावी, मन दुसरीकडे वळवावे. घाईची लाट एक-दोन मिनिटांत ओसरते. ओसरल्यावर सावकाश चालत जावे. सध्या तासाला जात असाल तर आठवडाभर सव्वा तासाने जावे, पुढे दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवत अडीच-तीन तासांवर आणावे. निदान सहा आठवडे हा क्रम चालवावा लागतो. गेल्यावर पूर्ण उकिडवे किंवा पूर्ण टेकून बसावे. बसस्थानकावरच्या घाणीमुळे आपण अधांतरी वाकून उरकतो तेव्हा स्नायू सैल पडत नाहीत आणि मूत्राशयात लघवी शिल्लक राहते.

वजन जास्त असेल तर ते थोडे उतरवले तरी उपयोग होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ३३८ स्थूल स्त्रिया होत्या. सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवलेल्या गटात निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, तर केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात २८ टक्क्यांनी. ऐंशी किलोच्या बाईसाठी ८ टक्के म्हणजे सुमारे साडेसहा किलो, अशक्य काही नाही.

औषधांची जागा मुख्यतः दुसऱ्या प्रकारात, आणि सवय बदलूनही पुरेसा फरक पडत नसेल तेव्हा आहे. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गोळ्या मूत्राशयाची अवेळी आकसणारी भिंत शांत करतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते, आणि वयस्क बायकांना, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने, गोंधळल्यासारखे होऊ शकते. काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे. मिराबेग्रॉन ही वेगळ्या पद्धतीने काम करणारी गोळी तोंड फारसे कोरडे करत नाही, पण रक्तदाब वाढवू शकते, म्हणून तो मोजत राहावा लागतो. गोळीचा खरा परिणाम कळायला चार ते आठ आठवडे लागतात. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडून घाई आणि जळजळ वाढली असेल तर इस्ट्रोजेनचे मलम आतून लावायला देतात. आतून लावलेले औषध रक्तात फार थोडे उतरते, तरी स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल तर ते आपल्या मनाने आणून लावू नये.

अंग बाहेर येत असेल किंवा हंडा उचलतानाच निसटत असेल तर सिलिकॉनची मऊ कडी योनीमार्गात बसवता येते. तिला पेसरी म्हणतात. ती खालून आधार देते. योग्य मापाची बसली की ती आत आहे हे जाणवतही नाही. कडी ठरावीक काळाने काढून धुवावी लागते, आणि अनेक जणी ते स्वतः शिकतात. बाळंतपणे अजून व्हायची आहेत, किंवा ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत शस्त्रक्रियेचा विचारही शक्य नाही, अशा बायकांना हा फार सोयीचा पर्याय आहे आणि तो आपल्याकडे फारच कमी सुचवला जातो, असे माझे मत आहे. स्नायू अजिबात आवळताच येत नसेल तर विजेच्या सौम्य झटक्यांनी तो जागा करता येतो. घाईच्या प्रकारात घोट्याजवळच्या नसेला अशीच उत्तेजना देण्याची पद्धत आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, अशा बारा बैठका. लेझरने योनीमार्ग 'घट्ट' करून देण्याच्या जाहिराती मात्र आता शहरांत दिसतात. अशा यंत्रांच्या वापराबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्येच इशारा दिला होता. तेवढ्या पैशात फिजिओथेरपिस्टकडे वर्षभर जाऊन येता येईल.

काही लक्षणे असली तर यातले काहीही घरी करत बसू नये. लघवीतून रक्त जाणे, लघवी अजिबात न होणे, एकाएकी पाय लुळे पडणे किंवा जांघेत बधिरपणा येणे, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस, न थांबता लघवी वाहत असेल तर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेले असू शकते. अशा वेळी व्यायामाचा काही उपयोग नाही, तेथे तज्ज्ञ शल्यचिकित्सकच हवा.

शेवटी गर्भपिशवीबद्दल, कारण बीड जिल्ह्याच्या आसपास काम करताना हा विषय टाळता येत नाही. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे, पाळीचा त्रास या तक्रारींसाठी पिशवी काढलेल्या बायका मला भेटतात, आणि त्यांच्यापैकी काहींना लघवीचा त्रासही त्यानेच जाईल असे वाटलेले असते. लघवी निसटण्यात गर्भपिशवीचा दोष नसतो. ती काढल्याने बाजेची वीण घट्ट होत नाही, उलट आजूबाजूचा आधार सुटून पुढे निसटण्याचा धोका वाढू शकतो, असे अभ्यास सांगतात. तीन मुलांची आई असलेली एक बाई, वय जेमतेम चौतीस, माझ्यासमोर हिशेब मांडून बसली होती : पिशवी काढायला उचल घेतली, उचल फेडायला दोन हंगाम गेले. "आन् तरी बी कामून थांबंना ताई?" असे तिने विचारले. तिची तपासणी केली तेव्हा स्नायू दोन आकडेही धरत नव्हता, आणि तो आवळायला तिला आजवर कोणीही सांगितलेले नव्हते. म्हणून लघवीच्या तक्रारीवर कोणी पिशवी काढायचा सल्ला दिला, तर पिशवी काढल्याने लघवी कशी थांबेल हे समजावून सांगा, असे डॉक्टरांना विचारावे, आणि पैशांची जुळवाजुळव करण्याआधी छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवून यावे. जाताना गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि तीन दिवसांच्या दाण्यांच्या पुरचुंड्या सोबत न्याव्यात.